कवितेविषयी बोलताना: परिभाषेचा मावळातील पडताळा

मराठी शाळेतून शिकून इंग्रजी साहित्याच्या वर्गात जाणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मेटाफर, इमेज, सिम्बॉल, आयरनी, टोन, अँबिग्विटी, एन्जाम्बमेंट अशा संज्ञांची लांबलचक यादी येते. त्याच विद्यार्थ्याने शाळेत उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, श्लेष यांची लक्षणे उदाहरणांसह पाठ केलेली असतात. परंतु या दोन पाठांतरांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचे काम क्वचितच होते. परिणामी इंग्रजी संज्ञा उत्तरपत्रिकेला वजन यावे म्हणून वापरल्या जातात आणि मराठी संज्ञा रिकाम्या जागा भरण्यापुरत्या उरतात. साहित्याची परिभाषा म्हणजे कवितेकडे बारकाईने पाहण्याचे साधन होय, आणि साधनाची परीक्षा कामातच होते. एखादी संज्ञा हाताशी नसती तर कवितेतील कोणती गोष्ट नजरेतून सुटली असती, हा प्रश्न विचारला म्हणजे त्या संज्ञेची खरी किंमत कळते. ही परीक्षा घेण्यासाठी लोणावळ्याहून फार दूर जावे लागत नाही, कारण येथून जवळच कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी ज्या देहू-आळंदीकडे वाहत जाते, तेथील काव्य कोणत्याही परिभाषेचा कस पाहण्याइतके समर्थ आहे.

प्रथम मेटाफर ही सर्वांत परिचित संज्ञा घ्यावी. शालेय सवयीने तिचे मराठी रूप 'रूपक' असे सांगितले जाते, आणि गोंधळाची सुरुवात तेथेच होते. संस्कृत अलंकारशास्त्रात ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय आणि ज्याच्या आधारे करायचे ते उपमान. ही दोन्ही वाक्यात उपस्थित असून त्यांच्यात अभेद सांगितला असेल तरच रूपक होते. मावळातील पावसाळ्याचेच उदाहरण घेतले, तर 'धुके ही डोंगराची शाल आहे' या वाक्यात रूपक आहे. 'डोंगराने शाल पांघरली' असे म्हटले की धुके हे उपमेय उपमानाने गिळून टाकलेले असते, आणि शास्त्रकार त्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. 'हे धुके नव्हे, शाल आहे' यात उपमेयाचा निषेध असल्यामुळे ती अपन्हुती होते. तर 'राजमाचीने धुक्यातून मान वर काढली' यात निर्जीवाला सजीवाची कृती दिलेली असल्यामुळे ती चेतनगुणोक्ती ठरते. इंग्रजीतील मेटाफर ही संज्ञा यांतील बहुतेक प्रकारांना एका छत्राखाली घेते. तिचा व्याप मोठा असल्याने ती सोयीची आहे, पण उपमेय दिसते आहे की लपले आहे, हा भेद ती स्वतःहून दाखवत नाही. कवितेच्या परिणामात मात्र त्या भेदाने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण लपलेले उपमेय वाचकाला स्वतः शोधावे लागते आणि त्या शोधातच त्याचा कवितेत प्रवेश होतो.

ही उणीव इंग्रजी समीक्षेलाही जाणवली होती. आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फिलॉसॉफी ऑफ ऱ्हेटरिक' या ग्रंथात मेटाफरच्या दोन अंगांसाठी टेनर आणि व्हेइकल अशा संज्ञा योजल्या, कारण ही अंगे वेगळी दाखवणारे नेमके शब्द त्यांना इंग्रजीत सापडत नव्हते. उपमेय आणि उपमान हे शब्द त्यापूर्वी शतकानुशतके आपल्याकडे रुळलेले होते. यावरून आपले सर्व काही आधीपासूनच पूर्ण होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि मराठीत तो अनेकदा काढलाही गेला आहे. परंतु तो टाळला पाहिजे. संस्कृत विचारात उपमेय आणि उपमान यांना जोडणारा साधारण धर्म, म्हणजे दोघांत समान असलेला गुण, आवश्यक मानला जातो. मुख आणि चंद्र यांत आल्हादकता समान असते. ज्या कवितेत असा समान गुण बोट ठेवून दाखवता येत नाही, तिच्यापाशी मात्र ही चौकट अडखळते.

ती अडचण मराठीत बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेने उभी केली आणि तिच्यावरील उत्तरही त्यांच्याच समीक्षेने दिले. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह 1947 मध्ये आला. त्यातील यंत्रयुगातल्या वस्तू आणि माणसांच्या भावना यांच्या जोड्या पाहून त्या काळच्या वाचकांना दुर्बोधतेचा प्रश्न पडला, कारण जुळणारा गुण शोधण्याची त्यांची सवय येथे उपयोगी पडत नव्हती. मर्ढेकरांनी या जोड्यांचे तत्त्व सांगण्यासाठी 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा दिली. दोन वस्तू डोळ्यांना, कानांना किंवा स्पर्शाला सारख्या नसतील, तरी त्यांच्यामुळे मनात जागणारी भावना एकाच ताणाची असेल तर त्या कवितेत एकमेकींच्या जागी उभ्या राहू शकतात, असा तिचा आशय आहे. इंग्रजीतील इमेज या संज्ञेसाठी मराठीत रूढ झालेला 'प्रतिमा' हा शब्द या विचारामुळेच सकस झाला. प्रतिमा म्हणजे केवळ चित्र नव्हे, तर इंद्रियांना जाणवणाऱ्या वस्तूच्या द्वारे भावनेला मिळालेले रूप, हा अर्थ तिला मिळाला, आणि येथे परक्या परंपरेकडून घेतलेली संज्ञा आपल्याकडील खऱ्या उणिवेवर बसली. 'सौंदर्य आणि साहित्य' या 1955 च्या ग्रंथात मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम मांडले. लय हा शब्द संगीतातून घेऊन त्यांनी भावनांच्या आणि कल्पनांच्या रचनेलाही लावला. लयीच्या या विस्ताराबद्दल पुढे बराच वाद झाला आणि तो रास्तही होता. पण मराठी समीक्षेला कवितेच्या अंतर्गत रचनेविषयी बोलण्याची सवय त्या वादानेच लागली.

अँबिग्विटी म्हणजे एकाच शब्दरचनेत एकाहून अधिक अर्थ जिवंत असणे. विल्यम एम्प्सन यांच्या 1930 च्या 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी' या ग्रंथाने ही संज्ञा प्रतिष्ठित केली. मराठीत तिच्यासाठी श्लेष पुरत नाही, कारण श्लेषात दोन अर्थ शब्दाच्या दोन कोशगत अर्थांतून येतात. एम्प्सनला अभिप्रेत असलेली अनेकार्थता वाक्यरचनेतून, सूचनेतून, कवीच्या मनातील द्विधेतूनही येते. तिच्याजवळ जाणारी आपली संज्ञा ध्वनी ही आहे, आणि तिचे मावळाशी असलेले नाते फारसे ध्यानात घेतले जात नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहून काव्याचा आत्मा ध्वनी होय असे प्रतिपादन केले. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा, सरळ अर्थ जुळत नसल्यास जवळचा अर्थ देणारी ती लक्षणा, आणि या दोहोंच्या पलीकडचा, न उच्चारलेला अर्थ जागवणारी ती व्यंजना. व्यंजनेने मिळणारा अर्थ प्रधान झाला म्हणजे ध्वनी. हा सिद्धांत काश्मीरचा आणि संस्कृतातला खरा, पण त्याच्या सिद्धीसाठी आनंदवर्धनाने व त्याच्या अनुयायांनी दिलेल्या उदाहरणांत महाराष्ट्री प्राकृतातील गाथांना मोठे स्थान आहे, आणि त्यांतील कित्येक गाथा सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त आढळतात. सातवाहनांचा अंमल कार्ल्याच्या लेण्यांवरील ब्राह्मी लेखांतून आजही वाचता येतो, आणि याच लेखांत येणारे 'मामाल' हे नाव म्हणजे आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात.

त्या उदाहरणांपैकी एक सर्वपरिचित गाथा जवळून पाहण्यासारखी आहे. गोदावरीकाठच्या झाडीत फुले वेचायला येणाऱ्या एका धार्मिक माणसाला एक स्त्री सांगते की, आता निर्धास्त हिंडावे, कारण ज्या कुत्र्याचे भय वाटत होते त्याला काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. शब्दांनी दिलेली आहे ती मोकळीक. कळते ती मनाई, कारण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाणार नाही. त्याहूनही आत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ही झाडी त्या स्त्रीची प्रियकराला भेटण्याची जागा आहे, आणि तिला तेथे कोणी नको आहे. एम्प्सनच्या पद्धतीने येथे अर्थ मोजता येतील. पण त्यांचा क्रम कोणता, कोणता अर्थ कोणाच्या आधाराने उभा आहे आणि बोलणारी कोण, ऐकणारा कोण हे कळल्यावाचून तो का उमगत नाही, हे ध्वनीच्या परिभाषेत अधिक नेमके सांगता येते. येथे जुनी संज्ञा नव्या संज्ञेहून धारदार ठरते. मराठी भाषेच्या पूर्वज भाषेतील गावरान कवितेने भारतीय काव्यशास्त्राला त्याचा सर्वांत सूक्ष्म सिद्धांत सिद्ध करण्यासाठी साधने पुरवली, ही गोष्ट मराठीच्या प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

मराठी कवीला ही परिभाषा पंडितांकडून उसनी घ्यावी लागली असे समजणेही बरोबर नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे जे वर्णन आहे, त्यात वाङ्मयाची सगळी अंगे त्या मूर्तीच्या अंगांवर बसवलेली आहेत. शब्दांची रेखीव रचना हे त्या मूर्तीचे रंगीत वस्त्र झाले आहे, साहित्य ही त्या वस्त्राची झळाळी, आणि काव्य-नाटके म्हणजे कमरेच्या लहान घंटा, ज्यांच्या रुणझुणण्यातून अर्थाचा ध्वनी उमटतो. येथे ध्वनी हा शब्द नादाच्या आणि व्यंजनेच्या अशा दोन्ही अर्थांनी एकाच जागी काम करतो. सिद्धांताची संज्ञा स्वतःच काव्याची प्रतिमा झालेली आहे, आणि तरीही तिचा शास्त्रीय अर्थ सुटलेला नाही. नव्या मराठी समीक्षेने या उताऱ्याकडे वंदन म्हणून पाहिले, पण परिभाषेचा ग्रंथ म्हणून पुरेसे पाहिले नाही, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

इंग्रजीतील काही संज्ञा मात्र छापील ओळीवर उभ्या आहेत. वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढील ओळीत वाहत जाते तेव्हा त्याला एन्जाम्बमेंट म्हणतात; ओळीच्या मध्ये येणाऱ्या विरामाला सिझ्युरा, ज्याला आपल्याकडे वृत्तशास्त्रात यती हा शब्द आहे. जुन्या पोथीत पद्य ओळीओळीने तोडून लिहिलेले नसते, तर कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अक्षरे सलग चालतात, आणि कडव्याचा शेवट दंडाने व आकड्याने दाखवला जातो. मावळातील सुदुंबरे येथे ज्यांची समाधी आहे ते संताजी जगनाडे तुकोबांचे एक लेखक म्हणून परंपरेत ओळखले जातात. अशा वह्यांतून उतरलेले अभंग 'इंदुप्रकाश' छापखान्याच्या 1869 आणि 1873 मधील दोन भागांच्या आवृत्तीसारख्या मुद्रित गाथांत डोळ्यांना चरणाचरणांनी दिसू लागले. त्यामुळे ज्ञानेश्वरीत एक उपमा पुढच्या अनेक ओव्यांत वाहत जाते तेव्हा तिला एन्जाम्बमेंट म्हणताना सांभाळावे लागते. तेथे वाक्याने ओलांडलेली सीमा कानाची आहे; ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड व मोकळा असल्याने ही सीमा ऐकूच येते, आणि म्हणून ती ओलांडल्याचेही ऐकू येते.

अभंगाच्या रचनेत तर हा कान फारच शिताफीने वापरलेला आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, अशी एकूण बावीस. यमक जुळते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या अखेरीस. पहिला चरण विषय काढतो, दुसरा त्याला वळण देतो, तिसरा यमकाने दुसऱ्याशी बांधला जातो, आणि जुळणीची सवय लागलेला कान चौथ्याकडे वळतो तो तेथे यमक नसते आणि अक्षरेही दोन कमी असतात. या अपुऱ्या जागेत तुकोबा पुष्कळदा आपला सर्वांत जोरकस शब्द ठेवतात. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याची वृत्त, जाती आणि छंद अशी विभागणी केली. लघुगुरूंच्या ठरलेल्या क्रमाने चालणारे ते वृत्त, मात्रांच्या मोजणीने चालणारी ती जाती, आणि अक्षरसंख्येवर चालणारा तो छंद. ओवी आणि अभंग यांना त्यांनी छंदात घेतले. छंदात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मागे पडून सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हटली जातात, हे त्यांचे निरीक्षण टाळ-मृदंगाच्या साथीने अभंग ऐकणाऱ्या कोणालाही पटेल. इंग्रजीतील मीटर ही एकच संज्ञा या तिन्हींवर बसवली की हा भेद नाहीसा होतो.

तीच गोष्ट रिफ्रेनची. कडव्याच्या अखेरीस परतणारी ओळ म्हणजे रिफ्रेन असे इंग्रजी वर्गात शिकवले जाते. अभंगातील ध्रुपद बहुधा दुसऱ्या कडव्यापाशी असते, गाथेत त्याच्यापुढे 'ध्रु' अशी खूण छापलेली असते, आणि कीर्तनात टाळकरी प्रत्येक कडव्यानंतर तेथे परत येतात. त्यामुळे अभंग सरळ रेषेत पुढे जात नाही. प्रत्येक नवे कडवे त्या एका उद्गाराला पुन्हा येऊन भिडते, आणि दर भेटीत त्या उद्गाराचा अर्थ थोडा बदललेला असतो. कागदावर एकदाच छापलेले ध्रुपद प्रत्यक्षात कवितेचा सर्वांत मोठा भाग व्यापते, हे मूकवाचनात कळतच नाही.

पर्सोना या संज्ञेने, म्हणजे कवितेत बोलणारा 'मी' आणि कवी यांना वेगळे मानण्याच्या रीतीने, मराठी वाचनाला निश्चित शिस्त लावली आहे. संतकाव्यातील प्रत्येक उद्गार चरित्राचा पुरावा म्हणून वाचण्याच्या सवयीला तिने आळा घातला. पण अभंगाची नाममुद्रा तिच्याही पुढे जाते. शेवटच्या कडव्यात 'तुका म्हणे' येते तेव्हा इतका वेळ 'मी' म्हणून रडणारा, भांडणारा माणूस अचानक तृतीयपुरुषी होतो. कवी स्वतःच्याच बोलण्याबाहेर उभा राहून त्याला साक्ष देतो, आणि गाणारा प्रत्येक वारकरी त्या साक्षीचा उच्चार आपल्या तोंडाने करतो. येथे बोलणारे किमान तिघे असतात, आणि त्यांना एका पर्सोनात कोंबता येत नाही.

आयरनीबद्दल थोडक्यात सांगता येईल. तिचा एक भाग, म्हणजे बोलणे एक आणि अभिप्राय उलट, हा उपरोधात आणि व्याजस्तुतीत येतो. पात्राला न कळलेले प्रेक्षकाला कळणे किंवा घटनेनेच अपेक्षेची उलटापालट करणे यांना रूढ असा एक मराठी शब्द नाही, आणि तेथे आयरनी हाच शब्द वापरण्यात कमीपणा मानू नये. टोन म्हणजे बोलणाऱ्याची ऐकणाऱ्याविषयीची वृत्ती. तिच्यासाठी 'सूर' हा चांगला शब्द आहे, आणि मराठीजवळ सुरांची नावेही आहेत. तुकोबा विठ्ठलाला खडसावतात, हिशेब मागतात. हा निंदेतून स्तुती करणारा अलंकार म्हणून सोडून दिला तर त्यातील खरी तक्रार हरवते, आणि नुसता राग म्हटला तर जवळीक हरवते. मराठी माणूस याला 'सलगी' म्हणतो. हक्क, लाड, गाऱ्हाणे आणि शरणागती एकत्र असलेल्या या सुराला समीक्षेच्या कोशात मानाची जागा हवी.

कोशांचे काम मराठीत झालेले आहे. 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' 2001 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि विजया राजाध्यक्ष यांच्या संपादनाखाली मराठी वाङ्मयकोशाचा समीक्षा-संज्ञांचा खंडही सिद्ध झाला. मात्र कोणताही कोश शब्दाचा प्रवास वाचकाच्या वतीने करू शकत नाही. यमक हा शब्द याचे चांगले उदाहरण आहे. संस्कृतात तोच अक्षरसमूह त्याच क्रमाने, पण वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे म्हणजे यमक. चरणाच्या अखेरीस जुळणाऱ्या ध्वनीला तेथे अंत्यानुप्रास म्हणतात. मराठीत यमक म्हणजे सर्रास चरणान्तीची जुळणी. वामन पंडितांना 'यमक्या वामन' म्हटले गेले ते जुन्या अर्थाच्याही करामतींमुळे, हे माहीत नसेल तर त्या टोपणनावातील निम्मी दाद वाया जाते.

सर्वांत मोठे काम मात्र अजून व्हायचे आहे, आणि त्याची सामग्री याच डोंगररांगांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांनी पुणे जिल्ह्याच्या मुळशी-मावळ पट्ट्यातून सुरुवात करून महाराष्ट्रातील गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या सहकाऱ्यांसह गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. दळणाऱ्या बाईची ओवी कागदावर दोन ओळींची दिसते. गाताना मात्र त्या दोन ओळींमध्ये 'बाई', 'गं' अशी संबोधने येतात, शब्द मागे वळून पुन्हा घेतले जातात, आणि एका ओवीचा विस्तार दुप्पट होतो. लिहून घेणारा ही भर बहुधा गाळतो, कारण तिच्यात अर्थ नाही असे त्याला वाटते. पण जात्याच्या फेऱ्याचा ताल तीच भर सांभाळते, आणि समोर बसून खुंटा धरणाऱ्या दुसऱ्या बाईला गाण्यात सामील करून घेण्याचे कामही तीच करते. अनुपस्थित व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला हाक मारण्याच्या रीतीला इंग्रजीत अपॉस्ट्रफी म्हणतात. जात्याला देव मानून त्याच्याशी बोलणे, दूर गावी असलेल्या भावाला हाक मारणे, मेलेल्या आईला माहेरची वाट विचारणे, हे सगळे त्या संज्ञेखाली घालता येते. तरीही इंग्रजी कवितेत ती हाक बहुधा एकाकी कवीची असते. येथे ती समोरच्या बाईला ऐकू जावी म्हणूनच दूरच्या भावाला घातलेली असते, आणि सासरच्या घरात जे उघड सांगता येत नाही ते त्या हाकेच्या आडून सांगितले जाते. बोलणे एकाशी, ऐकवणे दुसऱ्याला, अशी ही रचना गोदावरीकाठच्या त्या गाथेतील स्त्रीच्या बोलण्याच्या जातीची आहे. तिला नाव द्यायचे असेल तर ते गाणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून शोधावे लागेल. गळा, चाल, ठेका, जोड हे शब्द ज्या नेमकेपणाने त्या वापरतात तो टिपून घ्यावा लागेल. मावळातील महाविद्यालयांच्या मराठी आणि इंग्रजी विभागांनी ते काम एकत्र करण्यासारखे आहे, कारण ज्यांच्या आज्या जात्यावर गायल्या असे विद्यार्थी या दोन्ही वर्गांत बसतात, आणि त्या आज्यांपैकी काही अजून सांगण्याइतक्या हयात आहेत.